जहाजानं वाट द्यायची की आपण? जयगडला कयाक घेऊन निघालेल्या चौघांसाठी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही चौघं मित्र. दोन हिवाळे कोल्हापुरात राजाराम तलावावर आणि पंचगंगेत कयाक, म्हणजे वल्ह्यानं मारायची अरुंद होडी, चालवलीत. आता जानेवारीत गाड्यांच्या टपावर कयाक बांधून आंबा घाट उतरायचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला जायचं आणि खाडी ओलांडून पलीकडे तवसाळला. जयगडच्या बंदरात कोळशाची मोठी जहाजं येतात हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर तुमच्यातल्या एकाचं म्हणणं, की आपल्या होडीला इंजिन नाही, त्यामुळं कायद्यानं जहाजानंच आपल्याला वाट द्यायची असते. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. तुमच्या मित्रानं शिडाच्या होडीचा नियम वल्ह्याच्या होडीला लावलाय. ही चूक एकट्या त्याची नाही, भले भले करतात.

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू आहेत. कोणी कोणाच्या वाटेतून बाजूला व्हायचं याची उतरंड अठराव्या नियमात दिलीय. इंजिनाच्या जहाजानं शिडाच्या होडीपासून, जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या बोटीपासून, सुकाणू निकामी झालेल्या जहाजापासून दूर राहायचं, वगैरे. या उतरंडीत वल्ह्याच्या होडीचं नाव कुठंच नाही. वल्ह्याच्या होडीचा खास उल्लेख येतो तो दिव्यांच्या नियमात: रात्री निदान पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी ठेवा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवा. म्हणजे कायद्याला आपण माहीत आहोत, पण त्यानं आपल्याला मानाचं पान वाढलेलं नाही. उलट नवव्या नियमात आपल्याला सरळ बंधन घातलंय. अरुंद चॅनेलमध्ये, म्हणजे जहाजांच्या खोल पाण्याच्या वाटेत, २० मीटरपेक्षा लहान नौकेनं, ज्या जहाजाला चॅनेल सोडून दुसरीकडे जाताच येत नाही त्याच्या वाटेत यायचं नाही. आणि आपल्या ओलांडण्यानं अशा जहाजाला अडथळा होणार असेल, तर ओलांडायचंच नाही. तुमची कयाक चार मीटरची. तेव्हा जयगडच्या चॅनेलपुरता वाद इथंच मिटला.

उघड्या समुद्रावर, चॅनेल नसताना, कयाक आणि जहाज समोरासमोर आले तर काय, यावर मात्र जाणत्या लोकांतही मतभेद आहेत. जहाजालाही नजर ठेवायची आणि टक्कर टाळायची जबाबदारी असतेच, ती कयाक लहान आहे म्हणून संपत नाही. पण हे नियम वाचलेत तर एक गोष्ट ध्यानात येईल. त्यांत ‘हक्क’ कुणालाच दिलेला नाही, सगळी कर्तव्यंच आहेत. एकानं बाजूला व्हायचं, दुसऱ्यानं आपली दिशा आणि वेग सोडायचा नाही, आणि समोरचा काही करत नाही असं दिसलं तर दुसऱ्यानंही हालचाल करायची.

आपल्याकडं गळीत हंगामात रस्त्यावर काय होतं ते आठवा. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतोय आणि तुम्ही सायकलवर आहात. ‘डावी बाजू माझी’ म्हणून कुणी त्याच्यापुढं सायकल घालत नाही. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, ट्रॉल्या वळणावर आत कापतात, आणि ब्रेक मारला तरी मागचं वजन त्याला ढकलतच राहतं. हे आपण लहानपणापासून बघितलंय, म्हणून कायदा न काढता साइडपट्टीवर उतरतो. जहाजाचं तसं बघितलेलं नसतं, एवढाच फरक.

तर मग खरा प्रश्न असा, की जहाजावरच्या माणसाला मी दिसतो का, दिसलो तर त्याला काही करता येतं का, आणि मी त्याच्या वाटेत किती मिनिटं असतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं निराशाजनक आहेत. तिसरा मात्र पूर्ण आपल्या हातात आहे.

दिसण्याचं बघू. कप्तान आणि पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा जाणकार) ज्या खोलीत उभे असतात तिला ब्रिज म्हणतात. कोळशाच्या जहाजावर ती अगदी मागच्या टोकाला असते. तिथून पुढं बघताना जहाजाच्याच नाळेआड, म्हणजे पुढच्या टोकाआड, पाण्याचा एक मोठा तुकडा झाकला जातो. आंतरराष्ट्रीय नियमानं हा झाकलेला पट्टा जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल तेवढा चालतो. जहाज २२५ मीटरचं धरलं तर नाळेपुढचं ४५० मीटर पाणी कप्तानाला दिसलं नाही, तरी ते जहाज नियमात बसतं. त्या पट्ट्यात तुम्ही गेलात की त्याच्या लेखी तुम्ही नाहीच. रडारचा भरवसा धरू नका. प्लॅस्टिकची कयाक पाण्याच्या इतकी लगत असते, की लाटांच्या पसाऱ्यातून ती वेगळी काढणं रडारला जमत नाही. मोठी जहाजं एकमेकांना यंत्रातून आपोआप नाव आणि जागा कळवत असतात, ते यंत्र तुमच्याकडं नाही. राहता राहिला माणसाचा डोळा. त्यासाठी भडक नारिंगी किंवा पिवळी कयाक, तशीच जॅकेटं, आणि वल्ह्याच्या पात्यांना पांढरा किंवा पिवळा रंग. लांबून पहिल्यांदा लक्ष वेधतं ते वर-खाली चमकणारं ओलं पातं. तुमच्या फोटोतली ती गडद निळी कयाक तलावावर फार देखणी दिसते. समुद्रावर ती दिसतच नाही, तिच्यावर रंगीत टेप तरी मारा.

आता थांबण्याचं. पूर्ण वेगातलं जहाज इंजिन पूर्ण उलटं फिरवून किती अंतरात थांबावं, याचं सर्वसाधारण मानक जहाजाच्या १५ लांब्या एवढं आहे. २२५ मीटरच्या जहाजाला हे अंतर तीन किलोमीटरच्या वर जातं. म्हणजे कोल्हापूर स्टेशनला ब्रेक दाबला आणि बिंदू चौक मागं पडला तरी गाडी चालूच. बंदराजवळ जहाज हळू असतं, त्यामुळं अंतर बरंच कमी होतं हे खरं. पण हळू चालणाऱ्या जहाजाचं सुकाणू नीट लागत नाही, म्हणून तर त्याला ओढायला-ढकलायला टग, म्हणजे लहान पण दणकट बोटी, लागतात. शिवाय इंजिन उलटं फिरवलं की नाळ एका बाजूला फिरू लागते. अरुंद चॅनेलमध्ये एका कयाकसाठी असं करणं म्हणजे जहाज गाळात घालणं. पायलटनं तुम्हाला पाहिलं तरी तो भोंगा वाजवेल, फार झालं तर वेग थोडा कमी करेल.

भोंग्यावरून माझी एक फजिती सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही सहाजण एका बंदराच्या तोंडाशी चॅनेल ओलांडत होतो. सगळे आपापल्या तालात, एकामागं एक, आणि शेवटचा दोस्त तीनेकशे मीटर मागं. टोकाआडून जहाज आलं आणि पाच छोटे भोंगे वाजले. आमच्यातल्या एकाला वाटलं, जहाजानं आपल्याला नमस्कार घातला. त्यानं वल्हं उंचावून नमस्कार परत केला! पाच किंवा जास्त छोट्या भोंग्यांचा अर्थ ‘तुझा काय विचार आहे ते मला कळत नाही’, किंवा आपल्या भाषेत ‘अरे, मरायचंय का?’, हे आम्हाला संध्याकाळी धक्क्यावरच्या तांडेलानं सांगितलं. त्याआधी त्यानं जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मागं राहिलेला दोस्त चॅनेलच्या मधोमध थांबला, पुढं जाऊ की मागं हे त्याला ठरवता येईना. शेवटी मागं वळला आणि वाचला. पाच जण एका काठावर, तो दुसऱ्या काठावर, आणि सगळ्यांच्या भाकरी त्याच्या कयाकमध्ये. त्यात जहाजाची चूक काडीची नव्हती.

बाकीचे भोंगेही शिकून घ्या, तुमच्या कामाचे चारच आहेत. एक छोटा म्हणजे मी उजवीकडं वळतोय, दोन म्हणजे डावीकडं, तीन म्हणजे माझं इंजिन उलटं फिरतंय. चार ते सहा सेकंदांचा एक लांब भोंगा वळणाआडून ऐकू आला, तर तिथं न दिसणारं काहीतरी येतंय. धुक्यातही चालत्या जहाजानं निदान दर दोन मिनिटांनी लांब भोंगा द्यायचा असतो. जानेवारीत पहाटे खाडीवर धुकं बसतं, आणि धुक्यात आवाज कुठून येतोय याचा अंदाज हमखास चुकतो. धुकं असलं की चहा प्या, उन्हं येईपर्यंत पाण्यात उतरू नका. रात्रीचा तर विषयच काढू नका.

आता हातात असलेल्या गोष्टीकडं येतो, म्हणजे वाटेत किती मिनिटं.

चॅनेल ३०० मीटर रुंद आहे असं धरू. चौघांत जो सगळ्यांत हळू त्याचा वेग ताशी ४ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ६७ मीटर. ओलांडायला साडेचार मिनिटं. १० नॉटनं येणारं जहाज ताशी साडेअठरा किलोमीटरनं येतं, म्हणजे मिनिटाला ३०० मीटरच्या वर. तुमच्या साडेचार मिनिटांत ते जवळजवळ १४०० मीटर येऊन पोचलेलं असेल. कुणाचं वल्हं निसटलं, कुणी उलटला, म्हणून हे अंतर दुप्पट धरा. हिशोब तीन किलोमीटरच्या आसपास जातो. समुद्रावर अंतराचा अंदाज आपल्यासारख्या तलाववाल्यांना येत नाही, पण एक सोपी खूण आहे. कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून पाऊणएक मीटर उंच असतात, आणि तेवढ्या उंचीवरून क्षितिज तीन किलोमीटरच्या आसपास असतं. म्हणजे जहाजाचा वरचा भाग दिसतोय पण पाण्याला टेकलेला भाग क्षितिजाखाली आहे, तोवर ते त्यापलीकडं. नाळेखाली फुटणारी पांढरी लाट स्पष्ट दिसू लागली की ते तुमच्या हिशोबाच्या आत आलं, मग काठावरच थांबायचं. लाटा असतील तर ही खूण ढिली पडते, तेव्हा आणखी सावध राहा.

ओलांडताना चौघं एका ओळीत, शेजारी शेजारी, हाकेच्या अंतरात. मुंग्यांसारखे एकामागं एक कधीच नाही. चौघांची ओळ जहाजावरून एक ठिपका म्हणून तरी दिसते, आणि वाटेत असण्याचा वेळही एकाच माणसाइतका राहतो. चॅनेल काटकोनात ओलांडा, तिरकं गेलात की मिनिटं वाढतात. प्रवाह ओढत असेल तर नाळ थोडी प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवून जा. आणि पाण्यात उतरायच्या आधीच ठरवा: निम्म्याच्या अलीकडं असताना जहाज दिसलं तर सगळे मागं, निम्म्याच्या पलीकडं असलो तर सगळे पुढं. मध्ये कुणीही थांबायचं नाही. हा निर्णय पाण्यात घ्यायला बसलात तर आमच्यासारखी गत होते.

एखादं जहाज तुमच्यावर येतंय की बाजूनं जाणार, हे ओळखायला त्याच्या मागचा डोंगर बघा. आपली दिशा न बदलता दोनेक मिनिटं लक्ष ठेवा. लांबच्या डोंगराच्या तुलनेत जहाज पुढं सरकताना दिसलं तर ते तुमच्या पुढून जाईल. मागं पडताना दिसलं तर मागून. पण ते एकाच जागी चिकटल्यासारखं दिसतंय आणि नुसतं मोठं होत चाललंय, तर तुमची आणि त्याची गाठ पडणार आहे. अशा वेळी कयाक वळवा, अगदी उघड दिसेल अशी वळवा, आणि जहाजाच्या मागून जायचं ठरवा. जहाजाच्या पुढून जाण्यात शहाणपण कधीच नसतं. फार मोठ्या आणि जवळ आलेल्या जहाजाच्या बाबतीत ही खूणही फसवी ठरते, कारण त्याची नाळ आणि शेपूट वेगवेगळ्या दिशांना असतात. वळताना तर त्याची शेपूट बाहेरच्या बाजूला झाडूसारखी पाणी झाडत जाते. म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहू नका.

वाट बघायची जागाही महत्त्वाची. चॅनेलच्या कडेला बोये, म्हणजे साखळीनं बांधलेल्या तरंगत्या खुणा, असतात. आपल्या किनाऱ्यावर समुद्रातून आत येताना लाल डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला. या बोयांच्या बाहेर, उथळ पाण्यात राहा. दहा-बारा मीटर पाणी लागणारं जहाज तिथं येऊच शकत नाही, तुम्हाला वीतभर पाणी पुरतं. सगळ्या समुद्रात तुमचा खराखुरा मान हा एवढाच आहे. मात्र बोयाला धरून बसू नका, प्रवाह तुम्हाला त्याच्या साखळीवर दाबतो.

उथळ पाण्यातही एक गोष्ट सांभाळायची. अरुंद जागेतून मोठं जहाज जाताना काठाचं पाणी आधी खाली ओढलं जातं आणि मग उसळून परत येतं. बंधाऱ्याच्या खाली पाणी कसं मागं खेचतं हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. इथं तसं गोल फिरत नाही, पण निम्मी वाळूवर टेकलेली कयाक आणि तिच्यात एक पाय टाकलेला माणूस दोन्ही आडवे होतात. जहाजाच्या लाटा तर ते निघून गेल्यावर काही मिनिटांनी पोचतात, आपण निवांत झाल्यावर. नाळ लाटेकडं थोडी तिरकी करून घ्या. धक्क्याच्या भिंतीजवळ त्याच लाटा आपटून परत येतात आणि पाणी चहूकडून नाचतं, तिथून लांब राहा.

थांबलेली जहाजंही निरुपद्रवी नसतात. नांगर टाकलेल्या जहाजाच्या नाळेपुढून, म्हणजे प्रवाह जिकडून येतो त्या बाजूनं, जाऊ नका. प्रवाह तुम्हाला साखळीवर नाही तर नाळेवर नेऊन चिकटवतो. धक्क्याला लागलेल्या जहाजाचा पंखाही फिरत असू शकतो, आणि बंदराच्या सुरक्षेच्या नियमांमुळं तिथं जवळ गेलात तर चौकशीला तोंड द्यावं लागेल. टग मागं बार्ज, म्हणजे मालाचा सपाट तराफा, ओढत असेल तर दोघांच्या मधून कधीही जाऊ नका. मधला दोर पाण्याखाली असतो, दिसत नाही. जयगड–तवसाळ फेरीबोटीचाही असाच मान ठेवा. ती दिवसभर ये-जा करते, तिच्या उतरण्याच्या जागेसमोर रेंगाळू नका.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या इथं बसून मी ठरवू शकत नाही. वेळ कुठली धरायची, हा त्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडं मतलई वारा वाहतो, दुपारनंतर उलटा खारा वारा सुटतो आणि पाणी खवळतं. म्हणजे सकाळ बरी. पण सकाळी ओहोटी असेल तर वारा आणि पाणी दोन्ही तुम्हाला बाहेर समुद्रात ढकलतात, आणि पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला तर जोरात. म्हणून भरती संपत आल्यावर, पाणी स्थिर असताना ओलांडणं सगळ्यांत सोपं. गंमत अशी, की जास्त पाणी लागणारी जहाजंही बहुतेकदा भरतीचीच वेळ धरतात. आपल्याला सोयीची वेळ तीच त्यांना सोयीची. यावर तोडगा एकच, आधी विचारणं. जहाजांची जागा दाखवणारी मोबाइल ॲपं आहेत, मी स्वतः वापरतो, पण त्यांतली माहिती जुनी असू शकते. वल्हं मारताना मोबाइलवर विसंबू नये.

सामानाचं थोडक्यात. लाइफ जॅकेट अंगात, कयाकला बांधलेलं नव्हे. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. मोबाइल जलरोधक पिशवीत आणि अंगाला बांधलेला. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे नंबर चौघांकडंही. व्हीएचएफ रेडिओ उत्तम, पण त्याला परवाना लागतो. काहीच नसेल तर दोन्ही हात बाजूला ताणून सावकाश वर-खाली करत राहायचं, ही संकटाची मान्य खूण आहे, जहाजावरचा माणूस ती ओळखतो. म्हणूनच मजेत तसे हात हलवू नका. आणि उलटून परत बसणं तलावावर वीस-वीस वेळा करून जा. दोन मिनिटांत ज्याला परत बसता येत नाही त्यानं चॅनेल ओलांडू नये. हे मी दोस्तालाही तोंडावर सांगतो, मग तो आठवडाभर बोलत नाही.

माझं तुम्हाला म्हणणं असं, की पहिल्या दिवशी कयाक गाडीवरच बांधलेल्या राहू द्या. फेरीत बसून तवसाळला जा आणि परत या. वरून बोये कुठं आहेत, पाणी कुठं ओढतंय, होड्या कुठून जातात ते बघून घ्या. मग धक्क्यावर जाऊन फेरीवाल्यांना आणि मच्छीमारांना उद्या जहाज आहे का, किती वाजता आहे ते विचारा. सागरी पोलिसांना आणि सागरी मंडळाच्या तिथल्या कार्यालयाला चौघांची नावं आणि परतीची वेळ सांगून ठेवा. जहाज ‘सकाळी कधीतरी’ आहे असं उत्तर मिळालं, तर सकाळी खाडीच्या तोंडाकडं न जाता आत नदीच्या बाजूला काठाकाठानं वल्हं मारा, आणि तवसाळ दुसऱ्या दिवसावर ठेवा.